पंखांवरचा खोटा बर्फ

वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाच्या हाताशी एक पडदा असतो. त्यावर बोट ठेवले की इंजिन बंद पडते, धुके दाटते, चाके बाहेर येईनाशी होतात. त्याच पडद्यावर बर्फाचेही बटण असते. हे बटण दाबल्यावर यंत्राच्या पोटात अनेक वर्षे काय घडत होते, ते आज ऐकले तर नवल वाटेल. बहुतेक सिम्युलेटर विमानाचे वजन थोडे वाढवत आणि फार तर हवेचा अवरोध वाढवत, एवढेच. विमान जड होई, वेग जरा उतरे, वैमानिक इंजिनाची ताकद वाढवी, बर्फ घालवण्याची यंत्रणा चालू करी आणि धडा पुरा झाल्याची नोंद होई. अमेरिकेतील विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या एफएएने २०१६ साली सिम्युलेटरच्या पात्रतेचे नियम बदलले तेव्हा हा प्रकार थांबवायचे ठरवले. नव्या नियमांप्रमाणे बर्फामुळे पंखाची उचल घटली पाहिजे, स्टॉल, म्हणजे उचल कोसळण्याचा क्षण, नेहमीपेक्षा आधी आला पाहिजे, नाकाचा वर-खाली होण्याचा कल बदलला पाहिजे, नियंत्रणे बोथट झाली पाहिजेत, हातातल्या दांड्यावर जाणवणारा जोर बदलला पाहिजे, आणि स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा व ऑटोपायलट यांनीही खऱ्या विमानात वागतील तसेच वागले पाहिजे. वजनाकडून वर्तनाकडे झालेला हा प्रवास मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बर्फाची अडचण त्याच्या भारात फारशी नाही, ती तो करत असलेल्या फसवणुकीत आहे. म्हणून किती बर्फ साचला हे बिनचूक सांगणाऱ्या सिम्युलेटरपेक्षा ती फसवणूक नेमकी उभी करणारा सिम्युलेटर वैमानिकाच्या जास्त कामाचा, असे माझे म्हणणे आहे.

वजनाचा मुद्दा आकड्यांनी तपासता येतो. ढगातल्या दर घनमीटर हवेत अर्धा ग्रॅम पाणी आहे, विमान सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर वेगाने चालले आहे आणि पंखाच्या वाटेत आलेल्या पाण्यापैकी निम्मे त्याच्या पुढच्या कडेला धडकून गोठते, असे धरू. मग समोरून दिसणाऱ्या प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला २५ ग्रॅम बर्फ बसेल. दहा मिनिटांत तो १५ किलो होईल आणि कडेवर दीड सेंटिमीटरहून जाड थर चढेल. एटीआर-७२ या पंख्याच्या प्रवासी विमानाच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ मीटर आहे. समोरून पाहिले तर पंखांचे क्षेत्रफळ ढोबळमानाने आठ चौरस मीटर भरेल. सगळा मिळून बर्फ झाला १२० किलो. बावीस-तेवीस टनांपर्यंत वजन घेऊन उडणाऱ्या विमानाला हा भार सामानासकट एक-दीड प्रवाशाचा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. वजन अर्धा टक्का वाढले तर स्टॉलचा वेग जेमतेम पाव टक्का वाढतो. आता दुसरी बाजू पाहा. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या अंगाला पॉलिश पेपरइतका खरखरीत थर बसला, तरी उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे एफएए कितीतरी वर्षे बजावत आली आहे. उचलीची कमाल मर्यादा ३० टक्क्यांनी खाली आली तर स्टॉलचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वर जातो. एरवी १०० नॉटपर्यंत हवेत टिकणारे विमान १२० नॉटलाच हात टेकते. पाव टक्का आणि वीस टक्के, एवढे अंतर या दोन कल्पनांमध्ये आहे.

हे असे का होते, हे समजायला पंखाची नाजूक जागा कोणती ते पाहावे लागते. समोरून येणारी हवा पुढच्या कडेवरून वळून पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहते, तोवर उचल मिळते. वैमानिकाने नाक वर घेतले की पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो आणि उचलही वाढते. पण एका मर्यादेनंतर हवेला ते वळण झेपत नाही, ती पृष्ठभाग सोडून देते आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. हवा कोणत्या कोनापर्यंत चिकटून राहणार, हे पुढच्या कडेच्या पहिल्या काही सेंटिमीटरांत ठरते, आणि बर्फ नेमका तिथेच बसतो. ढगातले पाण्याचे थेंब शून्याच्या खालीही लगेच गोठत नाहीत. गोठायला काही आधार मिळाला नाही तर उणे ४० अंशांच्या जवळपासपर्यंत ते द्रवरूपात राहू शकतात. अशा अतिशीत थेंबांना विमान हाच पहिला आधार मिळतो. थेंब बारीक आणि थंडी कडक असली तर ते आदळताक्षणी गोठतात, मध्ये हवा अडकते आणि दुधाळ, खरबरीत बर्फ तयार होतो. थेंब मोठे आणि तापमान शून्याच्या जवळ असले तर पाणी थोडे मागे ओघळून मग गोठते. हा बर्फ पारदर्शक, कठीण असतो आणि कधी कधी कडेच्या वर-खाली दोन शिंगे काढतो. वजन सारखे असूनही ही शिंगे दुधाळ थरापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात.

बर्फ किती आणि कसा बसेल, हे काढण्याचे शास्त्र आता बरेच पक्के झाले आहे. ढगात पाणी किती, थेंब केवढे आणि तापमान किती, या तीन गोष्टी त्याला लागतात. बारीक थेंब हवेबरोबर वळसा घेऊन निसटतात, मोठे थेंब जडत्वामुळे सरळ येऊन आदळतात. वस्तू जितकी निमुळती तितके तिच्यावर जास्त थेंब आदळतात. म्हणून वायपरचा बोल्ट, अँटेना आणि शेपटीचा आडवा पंख यांच्यावर बर्फ मुख्य पंखाच्या आधी धरतो. वैमानिकाला शेपूट दिसत नाही, ही गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी. आदळलेल्या पाण्यापैकी किती तिथेच गोठेल, हे उष्णतेच्या जमाखर्चावर ठरते. हा जमाखर्च मेसिंजर यांनी १९५३ साली मांडला, आणि आजची बहुतेक गणिते त्याचीच वाढवलेली रूपे आहेत. क्लीव्हलँडला नासाचे १९४४ साली बांधलेले बर्फाचे वातविवर आहे. तिथल्या प्रयोगांच्या आधाराने वाढलेला ‘ल्युआइस’ नावाचा संगणकीय कार्यक्रम या कामासाठी जगभर वापरला जातो. या जमाखर्चात वेगाचाही वाटा असतो. हवा दाबली गेल्याने विमानाची कड तापते. २५० नॉट वेगाला ही वाढ साधारण आठ अंशांची, तर जेट विमानाच्या ४५० नॉटच्या आसपास ती पंचवीस अंशांच्या पुढे जाते. जेट विमाने ढग लवकर पार करतात आणि स्वतःला थोडी ऊबही देतात. पंख्याची विमाने त्याच ढगात जास्त वेळ काढतात आणि गारही राहतात. बर्फाच्या अपघातांच्या यादीत त्यांची नावे पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

पण हे सगळे गणित सिम्युलेटरला जसेच्या तसे पेलत नाही. हाताने दांडा हलवला की पडद्यावरचे क्षितिज त्याच क्षणी हलायला हवे, म्हणून विमानाची गती सेकंदाला साठेक वेळा नव्याने काढावी लागते. तेवढ्या अवधीत बर्फाच्या शिंगांभोवतीचा हवेचा प्रवाह मुळातून सोडवणे शक्य नाही. त्यामुळे हे काम दोन हिस्स्यांत विभागतात. एक हिस्सा बर्फ किती साचला ते ठरवतो आणि दुसरा त्या बर्फाने काय होते ते. दुसऱ्या हिश्श्यासाठी आधीच तयार केलेले तक्ते असतात. या कोनाला, या वेगाला, पंखावर असा बर्फ असताना उचल किती, अवरोध किती, नाक कोणीकडे वळेल, हे त्यांत भरलेले असते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या आसपास यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडले. विमानाच्या प्रत्येक मूळ गुणांकाला ‘एक अधिक, तीव्रता गुणिले संवेदनशीलता’ याने गुणायचे. तीव्रता हवामानावरून येते आणि ती सर्व विमानांना सारखी. संवेदनशीलता त्या त्या विमानाची स्वतःची. सूत्र शाळकरी मुलालाही कळेल इतके सोपे आहे, पण त्यात एक कबुली दडलेली आहे. एकाच ढगातून दोन विमाने गेली तरी त्यांची वागणूक वेगळी असेल, आणि हा फरक शोधायला प्रत्येक विमानावर स्वतंत्र काम करावे लागेल. ‘बर्फ पाच मिलिमीटर’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

ही संवेदनशीलता मोजणे हे खर्चिक काम. नासाने ट्विन ऑटर या छोट्या विमानावर बर्फाच्या आकाराचे कृत्रिम तुकडे चिकटवून प्रत्यक्ष उड्डाणे केली. त्याच्या प्रतिकृतीवर वातविवरात मोजमापे घेतली आणि त्या आकड्यांवर बर्फाचे परिणाम दाखवणारा एक प्रशिक्षण-सिम्युलेटर उभा केला. शेपटीवर बर्फ असताना पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप उघडले की नाक अचानक खाली ओढले जाते आणि दांडा हातातून पुढे खेचला जातो. मुख्य पंख स्टॉल झाला तर उलट दांडा पुढे ढकलावा लागतो, शेपूट स्टॉल झाली तर मागे ओढावा लागतो. दोन जवळपास सारख्या दिसणाऱ्या संकटांवर दोन विरुद्ध उपाय! हा फरक पुस्तकातून वाचून मनगटात उतरत नाही, म्हणून दांड्यावरचा जोर खरा असायला हवा.

या सगळ्यामागे माणसे गेल्याचा इतिहास आहे. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकन ईगलचे एटीआर-७२ विमान इंडियाना राज्यातील रोझलॉनजवळ १०,००० फुटांवर घिरट्या घालत उतरण्याची परवानगी मिळण्याची वाट पाहत होते. फ्लॅप १५ अंशांवर उघडे होते. पंखाच्या कडेवर फुगून बर्फ तोडणारे रबरी बूट होते आणि ते कामही करत होते. पण त्या ढगात नेहमीपेक्षा बरेच मोठे अतिशीत थेंब होते. ते बुटांच्या मागे ओघळून गोठले आणि विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या ऐलेरॉनच्या पुढे बर्फाचा एक उंचवटा तयार झाला. कॉकपिटमध्ये काही विशेष जाणवत नव्हते, कारण विमान ऑटोपायलट सांभाळत होता. फ्लॅप आत घेतल्यावर पंखाचा कोन वाढला, उंचवट्यामागे हवा सुटली आणि तिने ऐलेरॉन स्वतःच खेचून घेतले. ऑटोपायलट सुटला, विमान कलंडले आणि ६८ जण गेले. स्टॉलच्या सूचनेने इथे आधी सावध केले नाही. तपासात अमेरिकी हवाई दलाच्या एका टँकर विमानातून एडवर्ड्स तळाजवळ पाणी फवारून दुसऱ्या एटीआरवर तसाच उंचवटा तयार करून पाहण्यात आला. त्या काळातले प्रमाणीकरण ५० मायक्रॉनपर्यंतच्या थेंबांचा विचार करत असे, रोझलॉनचे थेंब त्याहून बरेच मोठे होते. मोठ्या थेंबांसाठीचे नवे निकष अमेरिकेच्या नियमांत यायला २०१४ साल उजाडले. बर्फाने उचल २० टक्के कमी झाली, एवढेच सांगणारा सिम्युलेटर ही घटना उभी करू शकणार नाही. त्यासाठी ऑटोपायलटचे मुकाट्याने भरपाई करत राहणे, ती संपल्यावर एकदम हात वर करणे आणि दांड्याला अनोळखी दिशेने बसलेला हिसका या तिन्ही गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात.

जमिनीवरच्या बर्फाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे सिम्युलेटरची मर्यादा उघडी पडते. आकाशात बर्फ विमान पुढे गेल्याने बसतो. जमिनीवर तो उभ्या विमानावरच धरतो, हिम म्हणून, दहिवर म्हणून, गोठणाऱ्या धुक्यातून, किंवा टाकीतल्या गार इंधनामुळे पंखाच्या पत्र्यावर पारदर्शक थर होऊन. शेवटचा प्रकार हवा १५ अंशांवर असतानाही होऊ शकतो. १९९१ च्या डिसेंबरात स्टॉकहोमहून निघालेल्या एसएएसच्या एमडी-८१ विमानाच्या पंखांवरून असा थर सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत गेला. दोन्ही इंजिने निकामी झाली, विमान शेतात उतरवावे लागले, आणि आश्चर्य म्हणजे सर्व १२९ जण वाचले. जमिनीवर उपाय म्हणून विमानावर ग्लायकॉलयुक्त द्रव फवारतात. नारिंगी, पातळ द्रव गरम मारून बर्फ काढतो. हिरवा, दाट द्रव पुढचा बर्फ काही काळ थोपवतो आणि धावपट्टीवर वेग वाढला की वाऱ्याने वाहून जातो. तो किती मिनिटे टिकेल याचे तक्ते असतात, त्या मिनिटांना होल्डओव्हर टाइम म्हणतात. न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर २२ मार्च १९९२ रोजी यूएसएअरच्या फोकर एफ-२८ विमानाने शेवटच्या फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटांनी उड्डाण घेतले आणि ते पाण्यात कोसळले, २७ जण मेले. त्याच जातीच्या विमानाचा १० मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या ड्रायडन इथे बर्फ न काढता निघाल्याने अपघात झाला होता, त्यात २४ जण गेले. या दोन्ही एफ-२८ विमानांच्या पंखांना पुढच्या कडेवरून सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्लॅट, नव्हत्या, आणि अशा पंखाला खरखरीत थर फार जड जातो.

सिम्युलेटरमध्ये या अपघातांचा दुसरा भाग चांगला दाखवता येतो. नाक वर घेतले, चाके सुटली, जमिनीलगतच्या हवेने दिलेला आधार संपला आणि त्याच क्षणी एक पंख आधी पडला, हे सर्व तक्त्यांत भरता येते. पहिला भाग मात्र दाखवता येत नाही. पंखावर पारदर्शक थर आहे की नाही, हे खऱ्या विमानातही खिडकीतून कळत नाही, हात लावूनच पाहावे लागते, आणि सिम्युलेटरला हात लावायला पंखच नाही. ड्रायडनचा वैमानिक बर्फ का काढू शकला नाही याचे उत्तर तर वायुगतीत नाहीच. विमानातले सहाय्यक विद्युत यंत्र बंद होते, विमानतळावर बाहेरून इंजिन चालू करून द्यायची सोय नव्हती, आणि इंजिन चालू ठेवून फवारणी करायला कंपनीची मनाई होती. इंजिन बंद करावे तर पुन्हा सुरू होणार नाही, सुरू ठेवावे तर बर्फ काढता येणार नाही. असा पेच सिम्युलेटरच्या गणितात बसत नाही, तो प्रशिक्षकाने लिहिलेल्या प्रसंगात बसवावा लागतो. जमिनीवरच्या बर्फात सिम्युलेटर जे खरेच चोख करतो ते धावपट्टीचे. कोरडी, ओली, बर्फाळ, ठिगळाठिगळाने बर्फाळ, धावपट्टीवर उरलेल्या टायरच्या रबरावर ओली, अशा निरनिराळ्या अवस्थांत ब्रेक किती धरतील, हे अमेरिकेच्या नियमांत आधीपासून बंधनकारक आहे. चाकांचे घर्षण मोजणे सोपे म्हणून ते आधी आले, असे मला वाटते.

आणखी एक बर्फ आहे, ज्याचा पंखाशी संबंधच नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ मध्ये इंजिनाची बर्फविरोधी यंत्रणा बंद राहिली. इंजिनाच्या तोंडाशी असलेली दाब मोजणारी नळी गोठली. मापकावर इंजिनाचा दाब-गुणोत्तराचा आकडा २.०४ दिसत होता, प्रत्यक्षात तो १.७० च्या आसपास होता. वैमानिकांना वाटत होती त्यापेक्षा बरीच कमी ताकद मिळत होती, आणि पंखांवरही बर्फ होता. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकले. पुलावरचे चार धरून ७८ जण मेले. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या अटलांटिकवर बर्फाच्या स्फटिकांनी थोड्या वेळासाठी बुजल्या आणि २२८ जण गेले. या दोन्ही घटनांत बर्फाने आधी माहिती बिघडवली. म्हणून चांगल्या सिम्युलेटरमध्ये बर्फ हा एक आकडा असून भागत नाही. नळीचा वेगळा, इंजिनाच्या तोंडाचा वेगळा, पंख्याच्या पात्यांचा वेगळा, डाव्या पंखाचा वेगळा, उजव्याचा वेगळा असावा लागतो. घरच्या संगणकावर चालणाऱ्या सिम्युलेटरांतही हा फरक दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सांगाड्यावरचा बर्फ म्हणजे टक्केवारीचा एकच आकडा होता. एक्स-प्लेनमध्ये दोन पंखांचा बर्फ वेगळा मोजला जातो, त्यामुळे विमान एका बाजूला ओढले जाऊ शकते. खिडकीवर पसरणारी सुंदर बर्फाची नक्षी मात्र लोकांचे जास्त लक्ष वेधून घेते. नक्षी पाहून उडवायला मजा येते हे खरे, पण तिच्यावरून प्रतिकृतीची पारख करू नये.

या मांडणीवर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की दोन बर्फ कधी सारखे नसतात, मग एका ठरावीक बर्फाची प्रतिकृती शिकून उपयोग काय? आक्षेपातले तथ्य नियमांनीच मान्य केले आहे. २०१६ च्या नियमांतली बर्फाची चाचणी सिम्युलेटरची तुलना बर्फ चढलेल्या खऱ्या विमानाशी करत नाही. त्याच सिम्युलेटरमध्ये बर्फासह आणि बर्फाशिवाय स्टॉल करून दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे आणि दोहोंतला फरक अपेक्षित दिशेने आहे ना ते पाहायचे, असे तिचे स्वरूप आहे. एखाद्याला हे अर्धवट वाटेल, मला ते प्रामाणिक वाटते. वैमानिकाला रोझलॉनचा उंचवटा मिलिमीटरपर्यंत ओळखायचा नाही. नेहमीच्या वेगाला, नेहमीच्या कोनाला विमान वेगळे वागू लागले तर ते हाताला जाणवले पाहिजे, आणि दांडा थरथरवणारी सूचना मिळेपर्यंत थांबणे धोक्याचे आहे हे अंगवळणी पडले पाहिजे. त्याला फरकाची ओळख लागते, आणि चाचणी फरकाचीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. चुकीचे प्रशिक्षण प्रशिक्षण नसण्यापेक्षा वाईट. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे क्यू-४०० विमान कोसळून ५० जण गेले, तेव्हा हा प्रश्न जोरात पुढे आला. रात्र होती, बर्फाचे ढग होते, आणि दांडा थरथरू लागताच कॅप्टनने तो मागे ओढला. शेपटीच्या स्टॉलवरची चित्रफीत वैमानिकांना दाखवली जात असे, मग त्याने तोच उपाय केला का? अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने सांगितले की तो जाणूनबुजून शेपटीच्या स्टॉलवरचा उपाय करत असण्याची शक्यता कमी, आणि विमानाच्या कामगिरीवर बर्फाचा परिणाम अगदी थोडा होता. विमानात बर्फासाठीची कळ दाबलेली असल्याने सूचना जास्त वेगालाच, म्हणजे आधीच आली, पण उतरण्याचा वेग बर्फाशिवायचा धरला होता. विमान तोवर स्टॉल झालेले नव्हते. दांडा ओढल्याने ते स्टॉल झाले. थोडक्यात, बर्फाच्या रात्री झालेला हा अपघात बर्फाने घडवलेला नव्हता. पण यातून बर्फ शिकवू नका असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो हा, की क्यू-४०० च्या वैमानिकाला शेपटीच्या स्टॉलची भीती घालण्यात अर्थ नाही, कारण त्या विमानाला तो धोका नाही. प्रत्येक विमानाची संवेदनशीलता वेगळी, हे सूत्रातले म्हणणे इथे माणसांच्या जिवाशी येऊन भिडते. या अपघातानंतरच अमेरिकी काँग्रेसने २०१० साली कायदा केला आणि वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉल शिकवणे बंधनकारक झाले. त्याआधी बहुतेक प्रशिक्षण सूचना मिळताच थांबत असे, आणि सिम्युलेटरचे तक्तेही साधारण तिथवरच भरवशाचे असत. म्हणजे बर्फ चढलेले विमान जिथे खरे बिघडते, नेमका तोच प्रदेश नकाशावर कोरा होता.

बर्फ टाळायचाच असतो, मग त्यात उडायला कशाला शिकवायचे, असेही विचारले जाते. टाळणे हाच पहिला उपाय, यात वाद नाही. पण टाळण्याचा निर्णय वेळेवर घ्यायला आपण बर्फात आहोत हे आधी कळावे लागते. ऑटोपायलट जेव्हा गुपचूप भरपाई करतो, तेव्हा ते कळण्याच्या खुणा लहान असतात. त्याच ताकदीला वेग पाच-दहा नॉटने उतरतो, नाक नेहमीपेक्षा अंशभर वर राहते, चढण्याचा दर मंदावतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलमधील विन्हेदो इथे व्होएपास कंपनीचे एटीआर-७२ गिरक्या घेत पडले, ६२ जण मेले. प्राथमिक अहवालात बर्फाच्या आणि बर्फ काढणाऱ्या यंत्रणेतल्या बिघाडाच्या सूचना वारंवार आल्याची नोंद आहे. तपशिलाचा निवाडा अंतिम अहवालाचा. पण रोझलॉननंतर तीस वर्षांनी त्याच जातीच्या विमानाबाबत बर्फाचा प्रश्न विचारावा लागतो, तेव्हा टाळण्याच्या सूचना पुस्तकात छापून पुरत नाहीत, हे दिसते.

मराठी वाचकाला वाटेल, आपल्याकडे कुठे बर्फ? मुंबईच्या धावपट्टीवर नाहीच. पण पावसाळ्यात महाराष्ट्रावरच्या ढगांत शून्य अंशांची रेषा साधारण पाच किलोमीटरवर, म्हणजे १६-१७ हजार फुटांवर असते, आणि छोट्या शहरांना जोडणारी एटीआर विमाने त्याच उंचीच्या आसपास उडतात. २००२ च्या डिसेंबरात तैवानजवळ ट्रान्सएशियाचे मालवाहू एटीआर-७२ बर्फामुळेच समुद्रात कोसळले होते, तेही उष्णकटिबंधाच्या उंबरठ्यावर. सेसनासारख्या कार्ब्युरेटरच्या छोट्या विमानात तर पंखाला ऊन लागत असताना इंजिनात बर्फ होऊ शकतो. बाहेर वीस अंश आणि दमट हवा असली तरी पेट्रोलची वाफ होताना तापमान इतके उतरते की कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो. कार्ब्युरेटरची विमाने दाखवणाऱ्या सिम्युलेटरात तापमान-आर्द्रतेचा हा साधा हिशेब नसेल, तर आपल्या हवामानातला सर्वांत जवळचा बर्फ त्यात नाही, असे म्हणावे लागेल.

मोठ्या जेट विमानांसाठी आपल्या आकाशातला प्रश्न स्फटिकांचा आहे. मोठ्या पावसाळी ढगांच्या माथ्यावर पाण्याचे थेंब उरलेले नसतात, बर्फाचे कोरडे, बारीक स्फटिक असतात. ते पंखाला चिकटत नाहीत, रडारवर फिके दिसतात आणि इंजिनाच्या आतल्या गरम भागात जाऊन वितळून पुन्हा गोठतात. जीईएनएक्स इंजिने असलेल्या बोइंग ७८७ आणि ७४७-८ विमानांना अशा ढगांपासून ५० सागरी मैल दूर राहण्याचा इशारा नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला गेला, तेव्हा जपान एअरलाइन्सने टोकियो-दिल्ली मार्गावरून ७८७ काढून घेतले. पंखाच्या बर्फासाठी रचलेले तक्ते इथे उपयोगाचे नाहीत, कारण पंखावर काहीच नसते. वैमानिकाला मिळणारी एक खूण अशी, की बाहेर कडाक्याची थंडी असूनही हवेचे तापमान मोजणारी नळी स्फटिकांनी भरते आणि मापकाचा काटा शून्य अंशांवर येऊन अडकतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून जाणाऱ्या वैमानिकाच्या सरावात ही खूण असायला हवी. सिम्युलेटरमध्ये ती घालायला नवा पंख मोजावा लागत नाही, वातविवरही लागत नाही. त्या एका मापकाने खोटे बोलावे एवढी सोय आणि तो काटा पाहायला लावणारा प्रशिक्षक पुरे.